वाचकांचे प्रश्न : फळीतला गडी

प्रश्न : आमचे गाव दारव्हा तालुक्यात आहे. माझा पुतण्या 20 वर्षांचा असून त्याचे वजन 109 किलो आहे. गावोगावच्या खुल्या कबड्डी सामन्यांत तो उजवा कोपरा सांभाळतो. परंतु वरिष्ठ पुरुष गटाला 85 किलोची मर्यादा असल्यामुळे अधिकृत स्पर्धेत त्याला वजनकाट्यावरूनच परत यावे लागते. गेल्या दिवाळीपासून तो मोबाइलवर अमेरिकन फुटबॉल पाहतो आणि 'डिफेन्सिव्ह लाइनमन' होण्याची भाषा करतो. या खेळाडूचे काम नेमके काय असते, त्याची कारकीर्द कशी घडते आणि ती किती वर्षे टिकते?
— एक शेतकरी वाचक, जिल्हा यवतमाळ

उत्तर : आपल्या पुतण्याला हा खेळ का भावला, हे त्याच्या कोपऱ्यावरूनच उमगते. या खेळात प्रत्येक बाजूला 11 गडी असतात आणि चेंडू असलेल्या संघाला चार डावांत 10 यार्ड, म्हणजे सुमारे 9 मीटर, पुढे सरकायचे असते. चेंडू ज्याच्या हाती येतो तो क्वार्टरबॅक, त्याच्या पुढे पाच धिप्पाड रक्षकांची भिंत आणि त्या भिंतीला भिडणारा विरुद्ध बाजूचा गडी म्हणजे डिफेन्सिव्ह लाइनमन. तो एक हात जमिनीला टेकवून, कंबर वाकवून, नजर चेंडूवर ठेवून बसतो. चेंडू हलला की उसळायचे, समोरच्याच्या आधी आपले तळवे त्याच्या छातीवर पोहोचवायचे, त्याचे मनगट खाली झटकून काखेखालून पलीकडे निसटायचे. हे सारे दोन-तीन सेकंदांत आटोपते आणि एका सामन्यात पन्नास-साठ वेळा करावे लागते. ज्याची कंबर खाली त्याचा जोर जास्त, हे कुस्ती पाहिलेल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

कारकीर्द कशी घडते, हे ॲरन डोनाल्ड याच्या उदाहरणावरून नीट कळेल. त्याचा जन्म 1991 मध्ये पिट्सबर्ग येथे झाला. त्याच्या वडिलांनी घराच्या तळघरात व्यायामाची साधने मांडली होती आणि बारा वर्षांच्या या मुलाला ते पहाटे साडेचारला उठवून तेथे नेत. शाळा, मग पिट्सबर्ग विद्यापीठाचा संघ, असा त्याचा प्रवास झाला. अमेरिकेतील व्यावसायिक लीग, म्हणजे एनएफएल, शालेय शिक्षण संपून तीन वर्षे झाल्याशिवाय कोणालाही घेत नाही, त्यामुळे महाविद्यालयाचे मैदान हाच तेथील खरा दरवाजा आहे. उंची जेमतेम 6 फूट 1 इंच असल्याने या जागेसाठी डोनाल्ड लहान पडेल, असे अनेकांना वाटत होते. 2014 च्या निवड चाचणीत 129 किलो वजनाचा हा गडी 40 यार्ड 4.68 सेकंदांत धावला आणि त्याने 102 किलोचे वजन 35 वेळा उचलले. रॅम्स संघाने त्याला तेराव्या क्रमांकावर निवडले.

पुढील दहा हंगामांत तो दहाही वेळा प्रो बोल या मानाच्या सामन्यासाठी निवडला गेला आणि 2017, 2018 व 2020 मध्ये वर्षातील सर्वोत्तम बचावपटू ठरला. तरीही 154 सामन्यांत त्याच्या नावावर 111 सॅक आहेत, म्हणजे सामन्यामागे एकसुद्धा नाही. (चेंडू पुढे फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणे म्हणजे सॅक.) उरलेल्या वेळात तो काय करत होता, हा प्रश्न रास्त आहे. त्याला थोपवण्यासाठी समोरचा संघ दोन-दोन गडी लावत असे, त्यामुळे त्याच्या शेजारच्याला वाट मोकळी मिळे. कबड्डीत पकडीचा गुण घोटा धरणाऱ्याच्या नावावर पडतो, मागून धावून येऊन चढाईपटूला रेटून धरणाऱ्याच्या पडत नाही, तसेच हे. फेब्रुवारी 2022 मध्ये लॉस एंजेलिसजवळ सिनसिनाटी बेंगल्सविरुद्ध अंतिम सामना 23-20 असा असताना बेंगल्सला शेवटच्या डावात अवघा एक यार्ड हवा होता. डोनाल्डने भिंत फोडून क्वार्टरबॅक जो बरो याला कमरेला विळखा घालून गरकन फिरवले. बरोने तोल जाता जाता चेंडू भिरकावला, तो जमिनीवर पडला आणि विजेतेपद रॅम्सकडे आले. त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठी झेप हीच; पण चेंडू हातातून सुटलेला असल्यामुळे ती सॅकमध्ये मोजली गेली नाही.

मार्च 2024 मध्ये, वयाच्या 32 व्या वर्षी, तो निवृत्त झाला. दहा वर्षे हा अपवाद समजावा. खेळाडू संघटनेच्या हिशेबाने एनएफएलमधील सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांचीही भरत नाही. गुडघे व खांदे जातात हे तर आहेच, परंतु अधिक काळजीची बाब मेंदूची आहे. बोस्टन विद्यापीठाने 2023 पर्यंत तपासलेल्या 376 माजी खेळाडूंच्या मेंदूंपैकी 345 मध्ये वारंवारच्या धक्क्यांनी होणारा विकार आढळला. हे मेंदू दान केलेले होते, तेव्हा सर्व खेळाडूंना ते प्रमाण लावता येणार नाही. तरी मुलाच्या आईसमोर हा आकडा लपवू नये, असे आम्हांस वाटते.

परदेशी मुलांसाठी 2017 पासून एनएफएलचा स्वतंत्र प्रशिक्षण उपक्रम आहे. त्यातून आलेला इफे ओबाडा हा नायजेरियात जन्मलेला, लंडनमध्ये वाढलेला तरुण 2018 मध्ये कॅरोलायना पँथर्सच्या बचाव फळीत खेळला. परंतु त्याला लंडनमध्ये निदान सराव करायला संघ होता. दारव्ह्यात तो नाही. 2028 च्या ऑलिम्पिकमध्ये येणारा 'फ्लॅग फुटबॉल' हा पाच-पाच जणांचा खेळ असून त्यात अंगावर जाण्यास बंदी आहे, तेव्हा तेथे अशा गड्याला जागाच नाही. आपल्या पुतण्याने तूर्तास गोळाफेक आणि कुस्ती धरावी. फ्रीस्टाइलचा सर्वांत वरचा गट 125 किलोचा आहे, तेथे त्याचे वजन अडणार नाही. अमेरिकेतील अनेक लाइनमनही शाळेत हेच दोन खेळ खेळून आलेले असतात.

प्रश्न : 'सॅक' हा शब्द कोठून आला?
— एक क्रीडाशिक्षक, जिल्हा वाशीम

उत्तर : तो रूढ करण्याचे श्रेय 1961 मध्ये रॅम्सकडून पदार्पण करणाऱ्या डीकन जोन्स याला दिले जाते. त्याला चौदाव्या फेरीत निवडले होते, म्हणजे जवळजवळ कोणालाच तो नको होता. समोरच्या साऱ्यांना एका पोत्यात कोंबून वरून बडवावे, अशी त्याची कल्पना होती. ज्याने जिनिंगमध्ये गठाणी रचल्या आहेत त्याला ती लगेच पटेल. एनएफएलने सॅकची अधिकृत नोंद 1982 पासून सुरू केली. जोन्स त्यापूर्वीच निवृत्त झाला होता, त्यामुळे ज्याने शब्द दिला त्याच्या नावापुढे अधिकृत यादीत एकही सॅक नाही.