शेळ्या सुधारायच्या तर आधी बोकड बघा

ताई, निपाणीकडच्या तुमच्या बचत गटातल्या बारा घरांनी मिळून शेळ्या सुधारायचं ठरवलंत, ऐकून फार बरं वाटलं. नव्या शेळ्या घेण्यात पैसा घालू नका. सगळं लक्ष बोकडावर द्या.

आपल्याकडं हमखास होणारी चूक म्हणजे बकरी ईदेला सगळ्यांत दणकट बोकड आधी विकला जातो आणि मागं राहिलेला मरतुकडा कळपात फिरतो. पुढची करडं त्याचीच. गरज असते, विकणाऱ्याला दोष नाही. म्हणून जुळ्यातला, दुधाळ आईचा आणि तीन महिन्यांत वजन भरलेला बोकड गटानं मालकाला बाजारभाव देऊन राखायचा. बाकीचे वेळेत खच्ची करा. चार महिन्यांचे झाले की ते शेळ्यांवर उडायला लागतात.

20-25 शेळ्यांमागं एक बोकड पुरे. दोन वर्षांनी मात्र लांबच्या गावाशी अदलाबदल कराच. मी एकच बोकड चार वर्षं ठेवला, त्याच्या लेकीही त्यालाच भरल्या. करडं उभी राहिनात, आचळापर्यंत तोंड नेऊन धरावं लागायचं.

आणखी एवढं सांभाळा:
- पाट (अजून न व्यालेली तरणी शेळी) पहिल्याच माजाला भरवू नका, अंगानं भरू द्या.
- करडाला तासाभरात चीक पाजा.
- आंत्रविषाराची (आतड्यात विष होऊन जनावर अचानक दगावतं तो रोग) लस पावसाळ्याआधी, सगळ्या घरांत एकाच दिवशी.

एक वही घाला: आई, बाप, जन्मतारीख, तीन महिन्यांचं वजन. कृत्रिम रेतन, संकर हे पुढचं पुढं. बोकड निवडायच्या दिवशी कळवा, वजनाचा ताणकाटा घेऊन येतो.