कव्हर बघून भुलू नका: जुन्या रेकॉर्डवाल्यांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या रेकॉर्ड्सबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रं आणि मेसेजेसचा ढीगच लागला. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि "माझ्याकडे अमुक रेकॉर्ड आहे, किती येतील" वाले प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवलेत. हातात न घेता रेकॉर्डची किंमत सांगणारा माणूस एकतर देव असतो नाहीतर दलाल.

सर, गॅरेज सेलला चार-पाच खोकी भरून एलपी रेकॉर्ड्स असतात, मागे लोक खोळंबलेले, विकणारा घाईत. मी आपलं कव्हर चांगलं दिसलं की घेतो आणि घरी येऊन डोक्याला हात लावतो. तुम्ही नेमकं काय बघता?

डोक्याला हात लावायचं कारण तुम्हीच लिहिलंय की, कव्हर. कव्हर कपाटात उभं होतं, झिजली ती आतली रेकॉर्ड. त्यामुळे पहिलं म्हणजे रेकॉर्ड बाहेर काढल्याशिवाय पैशाचं पाकीट बाहेर काढायचं नाही. आधी लेबल वाचा, आत तीच आहे ना ते बघा, कारण गप्पांच्या नादात चार रेकॉर्ड्स एकदम काढायच्या आणि भलत्याच कव्हरात कोंबायच्या ही सवय सगळीकडेच आहे, आणि डबल अल्बम असेल तर दोन्ही आहेत का तेही. मग कडेला आणि मधल्या लेबलला बोटं टेकवून ती एकाच दिव्याखाली तिरकी धरा, उन्हात सगळ्यात बेस्ट, ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात काहीही कळत नाही. बारीक बारीक रेघा दिसतील त्या बहुतेक कागदी पाकिटातून आत-बाहेर करून पडलेल्या, त्यातल्या बऱ्याच ऐकूही येत नाहीत. नख अगदी हलकं फिरवल्यावर जिथं अडकतं तो ओरखडा मात्र टकटक करणारच. आणि खोबणीच्याच दिशेनं जाणारा लांब ओरखडा आडव्यापेक्षा वाईट, सुई त्यात घुसली की तीच ओळ गात बसते.

ओरखडे सगळेच बघतात हो, झीज कुणी बघत नाही. न झिजलेली रेकॉर्ड काळी कुळकुळीत चमकते, आणि जड सुईखाली वर्षानुवर्षं फिरलेली राखाडी, मळकट दिसते. लोकांना ती धूळ वाटते, धुऊन जाईल म्हणून घेतात, ती जात नाही, ती खोबणीची भिंतच घासली गेलीये. जुन्या पेटीवजा प्लेअर्सच्या पिकअपचं, म्हणजे सुईच्या डोक्याचं, रेकॉर्डवर येणारं वजन पाच-सहा ग्रॅम, कधी त्याहून जास्त असायचं, आजच्या चांगल्या कार्ट्रिजना, म्हणजे सुई बसवलेल्या डबीला, दीड-दोन ग्रॅम पुरतात, त्यावरून अंदाज करा. अशा रेकॉर्डचा आवाज मोठ्या स्वरांच्या जागी आणि त्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात फाटतो. लेबलवर भोकाभोवती बारीक चंदेरी चरे असतील तर ते स्पिंडल, म्हणजे प्लेअरच्या मधला खुंटा, चाचपडताना उमटलेले, जितके जास्त तितकी जास्त वाजलेली, हा हिशोब सहसा चुकत नाही.

शेवटी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरा. हलकी लाट असेल तर सुई सांभाळून घेते, कडेला एकदम उंचवटा आला असेल तर सोडून द्या. काचांमध्ये दाबून ओव्हनमध्ये सरळ करायचे व्हिडिओ फिरतात ते बघू नका, पीव्हीसी, म्हणजे रेकॉर्डचं प्लास्टिक, साठ-सत्तर अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतं आणि खोबणीही त्याचीच बनलेली आहे.

आणि वेळेचं म्हणाल तर प्रत्येक खोक्यातल्या पहिल्या आठ-दहा बघा, मालकाची आवड कळते. सगळं हलकंफुलकं ऑर्केस्ट्रा आणि ख्रिसमसची गाणी निघाली तर पुढच्या खोक्याकडे सरका, ते लाखोंनी खपलंय. अमेरिकन ट्रंपेटवादक हर्ब अल्पर्टचा १९६५ चा व्हिप्ड क्रीमवाला अल्बम इतका खपला की अमेरिकेतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात तो दिसला नाही तरच नवल. जुनी म्हणजे दुर्मीळ, हे डोक्यातून काढून टाका.

१९६२ ची म्हणून एक अमेरिकन जॅझ रेकॉर्ड घेतली, मागे वर्षही तेच छापलंय, पण मित्र म्हणतो नंतर काढलेली आहे. आता कोण खरं?

मित्र खरा असू शकतो. छापलेलं वर्ष बऱ्याचदा रेकॉर्डिंगचं किंवा पहिल्यांदा बाजारात आली तेव्हाचं असतं, तुमच्या हातातली प्रत कधी निघाली ते त्यावरून कळत नाही. आधी सोप्या खुणा बघा. बारकोड आहे? मग साठचं दशक विसरा, कव्हरवर बारकोड यायला सत्तरचं दशक संपत आलं होतं. वर्तुळातला पी दिसतोय? अमेरिकन रेकॉर्ड्सवर ती खूण साधारण १९७१ नंतरची. कंपनीच्या पत्त्यात पाच आकडी झिप कोड आहे? तो अमेरिकेत १९६३ मध्ये सुरू झाला, म्हणजे तुमची १९६२ ची गोष्ट तिथेच संपली.

यातलं काहीच नसेल तर रेकॉर्ड काढा आणि शेवटचं गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत कोरी पट्टी उरते ती तिरक्या उजेडात वाचा. माझ्या मते सगळी मजा या बोटभर पट्टीत आहे आणि नव्वद टक्के लोक तिकडे ढुंकून बघत नाहीत. तिथं मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या बाजूच्या मूळ कापणीचा क्रमांक, असतो, कधी छापलेला, कधी हातानं खरवडलेला, आणि ज्यात रेकॉर्ड दाबून काढली त्या साच्याची खूण, कधीकधी ज्यानं मास्टर, म्हणजे मूळ तबकडी, कापला त्याची आद्याक्षरंही. ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या रेकॉर्डवर आर व्ही जी दिसलं तर तो ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर, आणि सोबत कानासारखी वळलेली छोटी खूण असेल तर ती प्लास्टिलाइट कारखान्याची, त्यांनी ब्लू नोटचं काम १९६६ पर्यंत केलं, म्हणजे प्रत त्याआधीच्या साच्यांची. लेड झेपेलिन या रॉक बँडच्या १९६९ च्या दुसऱ्या अल्बमवर आर एल शोधत लोक वेडे होतात, ती मास्टर कापणाऱ्या बॉब लडविगची कापणी, इतकी दणदणीत की साध्या प्लेअरवर सुई उडायची म्हणून नंतर सौम्य करून पुन्हा कापली गेली. कव्हर तेच आणि गाणीही तीच, पण किंमतीत जमीन-अस्मानाचा फरक, आणि तो फरक दोन अक्षरांचा.

ब्रिटनमध्ये ईएमआय या कंपनीनं काढलेली रेकॉर्ड असेल तर अजून गंमत आहे. मॅट्रिक्स नंबर घड्याळातल्या सहाच्या जागी येईल अशी धरा, मग तीनच्या जागी एक-दोन सुटी अक्षरं सापडतील. ग्रामोफोन लिमिटेड या नावाच्या जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी या दहा अक्षरांना त्यांनी ओळीनं १ ते ९ आणि शेवटी शून्य दिलेत. नुसतं जी म्हणजे पहिला साचा, आर म्हणजे दुसरा, जी डी म्हणजे दहावा. नऊच्या जागी आकडा असतो तो मदरचा, म्हणजे ज्या प्लेटवरून साचे काढतात तिचा. पहिल्या साच्याची प्रत मिळाली तर त्या दिवशी दुसरं काही नाही सापडलं तरी चालतं.

मग कव्हरला काही अर्थच नाही का? मी तर कव्हरसाठीच गोळा करते.

गोळा करा की, भिंतीवर लावा, मस्त दिसतं. आणि कव्हरच सगळं असलेलीही उदाहरणं आहेत. बीटल्सचा येस्टरडे अँड टुडे हा अल्बम त्यांच्या अमेरिकन कंपनीनं, कॅपिटॉलनं, १९६६ मध्ये काढला तेव्हा कव्हरवर चौघं खाटकाचे पांढरे कोट घालून, मांसाचे तुकडे आणि मोडक्या बाहुल्या घेऊन होते, ओरड झाल्यावर माल परत मागवला आणि बऱ्याच कव्हरांवर ट्रंकेसोबतचा चौघांचा साधा फोटो वरून चिकटवून पुन्हा दुकानात पाठवला. अशा प्रतीत ट्रंकेच्या उजवीकडच्या पांढऱ्या भागातून खालच्या फोटोतल्या रिंगोच्या काळ्या शर्टाचा त्रिकोण पुसटसा दिसतो. दिसला तर हात थरथरू दे, पण नखानं सोलायला जाऊ नका, घरच्या घरी वाफ देऊन सोलताना फाटलेली कव्हरं जगात खूप आहेत.

आणि कव्हरचा कोपरा कापलेला किंवा भोक पाडलेलं असेल तर घाबरू नका, न खपलेला माल स्वस्तात काढताना कंपन्या अशी खूण करायच्या, आतली रेकॉर्ड बऱ्याचदा कोरी करकरीत असते. मी तर असा कोपरा दिसला की मुद्दाम थांबतो.

कव्हरवर मोठ्या अक्षरात स्टीरिओ असेल तर तीच घ्यावी ना?

नाही. स्टीरिओ एलपी बाजारात आल्या १९५८ च्या सुमारास, त्यानंतर जुनी मोनो, म्हणजे एकाच आवाजपट्टीची, रेकॉर्डिंग्ज खपवायला कंपन्यांनी एका बाजूला खर्ज, दुसऱ्या बाजूला वरचे स्वर टाकून खोटा स्टीरिओ बनवला, कॅपिटॉल त्याला ड्युओफोनिक म्हणायची. बाथरूममध्ये गातायत असं वाटतं. कव्हरवर इलेक्ट्रॉनिक असा काही शब्द स्टीरिओच्या आसपास दिसला तर मोनो प्रत शोधा.

आजोबांच्या ७८ च्या तबकड्या स्पिरिटनं पुसल्या तर चालतील का?

अजिबात नाही! त्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, पुसता पुसता गाणंच पुसून टाकाल. डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, लेबल कोरडं ठेवा आणि लगेच टिपून घ्या. आणि एलपीच्या सुईनं वाजवू नका, त्यांची खोबणी रुंद असते, सुई साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लागते, स्टीरिओ एलपीची ०.७ मिलच्या आसपास असते, ती तळाशी घासत जाते.

एका जुन्या सामानाच्या दुकानात एक जड, धातूची वाटणारी काळी रेकॉर्ड मिळाली, लेबलवर फक्त पेनानं काहीतरी खरडलंय. वाजवून बघू का?

थांबा, वाजवू नका. भोकाच्या कडेला अ‍ॅल्युमिनियम दिसतंय का ते बघा, दिसत असेल तर ती अ‍ॅसिटेट आहे, धातूच्या चकतीवर लॅकरचा थर देऊन थेट कापलेली, स्टुडिओत झालेलं काम ऐकून बघायला काढायचे. थोड्याच वेळा वाजवली की आवाज खराब व्हायला लागतो. पांढरट पावडर आली असेल तर तो बहुतेक लॅकरमधून बाहेर आलेला पामिटिक अ‍ॅसिड, बुरशी समजून खसाखसा घासू नका. लेबलवरचं अक्षर न् अक्षर लिहून काढा, फोटो काढा, आणि वाजवायचीच तर हलक्या, चांगल्या कार्ट्रिजवर, पहिल्याच वेळी कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करत. व्हेल्वेट अंडरग्राउंड या न्यूयॉर्कच्या रॉक बँडच्या पहिल्या अल्बमचं १९६६ मधलं सुरुवातीचं रूप अशाच अ‍ॅसिटेटवर होतं, २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावरच्या विक्रीत ती ७५ सेंटला गेली आणि २००६ मध्ये ईबेवर २५,२०० डॉलरला. त्याआधी बोली दीड लाख डॉलरच्या वर गेली होती पण तो सौदा फिसकटला. तुमची तशी निघेल असं म्हणत नाहीये, बहुतेक अ‍ॅसिटेट्सवर कुणाच्या तरी लग्नातली भाषणं किंवा जाहिराती असतात.

विकणाऱ्याला किंमत माहीत नसेल तर सांगायची का? आमच्या ग्रुपमध्ये यावरून भांडण झालंय.

दुकानदार असेल तर नाही. माल ओळखणं हा त्याचा धंदा आहे, त्यानं लावलेली किंमत द्या आणि निघा, वर घासाघीस करू नका म्हणजे झालं. पण घरातलं माणूस गेल्यावर त्याची खोकी अंगणात मांडून बसलेली बाई असेल तर मी सांगतो, आणि ग्रुपमधल्या ज्यांना हे भाबडेपणाचं वाटतं त्यांना वाटू दे. तिनं विचारलं की "हे चांगलं आहे का हो?" तर "छे, साधंच आहे" म्हणून पिशवीत टाकणं याला मी शोध म्हणत नाही. खरं सांगितल्यावर बऱ्याचदा माळ्यावरचं अजून एक खोकं खाली येतं, हा निव्वळ फायद्याचा मुद्दाही आहे.

रेकॉर्ड्सना कुबट वास येतोय, पांढरे ठिपके आहेत. घेऊ का?

रेकॉर्ड धुता येते, कागद नाही. मास्क लावून आतली पाकिटं तिथंच टाकून द्या, कव्हर हवंच असेल तर वेगळं ठेवा, आणि धुऊन पूर्ण वाळवेपर्यंत ती खोकी घरातल्या बाकी रेकॉर्ड्सच्या शेजारी नेऊ नका. नवीन आतली पाकिटं पॉलिथिनची घ्या, मऊ पीव्हीसीची नकोत, ती वर्षांनी रेकॉर्डवर धुरकट डाग सोडतात आणि ते काही केल्या निघत नाहीत.