पित्ताची पिशवी काढली, मग आता हे कशाचं दुखतंय?

प्रश्न : डॉक्टरसाहेब नमस्कार, आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. आईचं (वय ५८) चौदा महिन्यांपूर्वी दुर्बिणीतून पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी घरी आली, एकदम मस्त होती. पण दिवाळीपासून महिन्यातून एक-दोनदा छातीच्या खाली मधोमध कळ येते, पाठीत जाते, दोन-तीन तास राहते आणि आपली आपण थांबते. मागच्या वेळेला तर थंडी वाजून ताप आला, दोन रजया घालूनही दात वाजत होते. गल्लीतले डॉक्टर म्हणतात गॅस, आई म्हणते मामाकडची कचोरी बाधली. सोनोग्राफीत पित्तनळी ११ मिलिमीटर लिहिलीय. पण पिशवीच नाही तर खडा येणार कुठून? आणि आत क्लिपा आहेत म्हणे, मग एमआरआय चालेल का?

उत्तर : कचोरीला उगाच बदनाम करू नका. पिशवी काढली तरी लिव्हर आहे तिथंच आहे, ते रोज अर्धा ते एक लिटर पित्त करतं आणि ते ज्या नळीतून आतड्यात उतरतं ती नळीही आहे तिथंच आहे. ऑपरेशनच्या आधीच पिशवीतून एखादा बारीक खडा घसरून नळीत जाऊन बसलेला असतो, तेव्हा कुणाला दिसत नाही, आणि मग महिन्यांनी डोकं वर काढतो. दोन वर्षांच्या आत सापडला तर साधारणपणे आम्ही तो जुनाच, मागे राहिलेला धरतो. दुसरी शक्यता अशी की ऑपरेशनमध्ये नळीला कुठं क्लिप चिमटली किंवा कॉटरीची (रक्त थांबवायला डाग देणारं विजेचं हत्यार) धग लागली, तर तिथं जखम भरता भरता नळी आक्रसत जाते, आणि हे कळायला काही महिने काय, काही वर्षंही लागतात. ऑपरेशन चांगलं झालं होतं म्हणून आत्ताचं दुखणं त्याचं नाहीच, असं घरचे लोक धरून चालतात आणि खरं सांगायचं तर आम्ही डॉक्टरही धरतो, तिथंच वेळ जातो.

पिशवी काढल्यावर नळी थोडी रुंद दिसू शकते, त्यामुळे नुसत्या ११ आकड्यानं मी घाबरलो नसतो. मला खटकतोय तो थंडीताप. आईला एक विचारा, कळ येऊन गेली की दुसऱ्या दिवशी लघवी कशी होते? आपल्याकडच्या बायका हे आपणहून सांगत नाहीत. तिनं 'कोऱ्या चहासारखी' म्हटलं, किंवा अंगाला खाज सुटते, संडास पांढरट होते म्हटलं, तर नळी अडतेय असं समजा. लिव्हरची रक्ततपासणी (बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फटेज त्यात हवंच) आणि एमआरसीपी (म्हणजे पित्तनळीचा एमआरआय) याच आठवड्यात करून घ्या. क्लिपा बहुधा टायटॅनियमच्या असतात, एमआरआयला अडचण येत नाही, तरी मशीनवाल्याला आधी सांगा आणि डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या. खडा निघाला तर पुन्हा पोट उघडायचं नाही, तोंडातून दुर्बीण घालून ईआरसीपी करतात, नळीचं तोंड थोडं कापून खडा ओढून घेतात. त्यात कधीकधी स्वादुपिंडाला सूज येते, ते आधी विचारून ठेवा. आणि प्लॅस्टिकचा स्टेंट (पित्तनळी उघडी ठेवणारी बारीक नळी) टाकला तर तो साधारण तीन महिन्यांनी काढावा किंवा बदलावा लागतो, ती तारीख त्याच दिवशी कालनिर्णयावर लिहा! लोक बरं वाटलं की विसरतात आणि मग तुंबलेला स्टेंट घेऊन येतात. पुन्हा कळ, थंडीताप आणि डोळे पिवळे असं एकत्र झालं, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच ॲडमिट करा.

प्रश्न : माझं हेच ऑपरेशन पाच महिन्यांपूर्वी झालं. जखम छान भरली होती, पण महिन्याभरानं बेंबीच्या टाक्याजवळ वाटाण्याएवढी गाठ आली, फुटली, पाणी आलं, बंद झाली, परत फुटली. अँटिबायोटिकचे चार कोर्स झाले. पू तपासला तर रिपोर्ट 'जंतू वाढले नाहीत'. मित्र म्हणतो, भिया, टाका आत राहिला असेल. (सुदामानगर)

उत्तर : मित्राचं बरोबरही असेल, पण भरलेली जखम तीन-चार आठवड्यांनी उघडते आणि साध्या औषधाला दाद देत नाही म्हटलं की माझ्या डोक्यात आधी दुसरंच येतं. टीबीच्या जंतूंचे काही चुलतभाऊ असतात, ते पाण्यात राहतात. दुर्बिणीची हत्यारं नीट निर्जंतुक झाली नाहीत, म्हणजे नुसती औषधात थोडा वेळ बुडवली आणि मग नळाच्या पाण्यानं धुतली, की ते टाक्यात शिरतात. साध्या कल्चरमध्ये ते सापडत नाहीत, म्हणून रिपोर्ट कोरा. तेव्हा पाचवा कोर्स घेऊ नका. सर्जनला सांगा की आतला तुकडा काढून एएफबी (टीबीच्या जातीचे जंतू दाखवणारी तपासणी) आणि मायकोबॅक्टेरियाच्या, म्हणजे याच जातीच्या जंतूंच्या, कल्चरला पाठवा. टीबीच्या नेहमीच्या चार गोळ्या अंदाजानं सुरू करणंही चूक, या जंतूंवर त्या बहुतेक वेळा चालत नाहीत. औषधं वेगळी असतात, काही महिने घ्यावी लागतात आणि बऱ्याचदा तो सगळा मार्ग कापून काढावा लागतो. कधी ऑपरेशनमध्ये सांडलेला खडा आत राहूनही असंच होतं, म्हणून एक सोनोग्राफी करा. मात्र गाठ खोकल्यावर फुगते आणि आडवं झाल्यावर आत जाते असं असेल, तर हर्निया, त्याचा रस्ता वेगळा.

प्रश्न : पिशवी काढल्यापासून सकाळी पोहे-जिलबी खाल्ली की अर्ध्या तासात धावावं लागतं. हे जन्मभर का?

उत्तर : बहुधा नाही. पित्त साठवायला जागा उरली नाही, ते सारखं आतड्यात झिरपतं, काहींना त्यानं जुलाब होतात आणि बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बसतं. तोवर पोह्यावरची शेव मुठीनं नको, चिमटीनं घाला, आणि जिलबी तुपातली असली तर एकच. तरी राहिलं तर कोलेस्टिरामिन नावाची पावडर मिळते, डॉक्टरला विचारून घ्या, फक्त बाकीच्या गोळ्यांपासून अंतर ठेवून, नाहीतर ती त्याही धरून ठेवते. रात्री झोपेतून उठावं लागत असेल, रक्त पडत असेल किंवा वजन उतरत असेल, तर ते पिशवीवर ढकलू नका, दाखवून या.