सिटीकॉर्प इमारतीचे खांब कोपऱ्यांत का नाहीत?

थोडक्यात सांगायचं तर, एका चर्चमुळे. सिटीकॉर्प या बँकेची ही उंच इमारत न्यूयॉर्कमध्ये जिथे उभी आहे, त्या जागेच्या एका कोपऱ्यात सेंट पीटर्स चर्च होतं. आमचं नवं चर्च त्याच कोपऱ्यात, तुमच्या इमारतीपासून वेगळं उभं राहिलं पाहिजे, या अटीवरच चर्चने बँकेला जागा दिली. मग अभियंता विल्यम लेमेझुरिए यांनी सुमारे नऊ मजली उंचीचे भव्य खांब चारही बाजूंच्या मधोमध घेतले आणि कोपरे अधांतरी ठेवले. वरचा भार तिरक्या पोलादी तुळयांनी या खांबांकडे आणि मधल्या गाभ्याकडे वळवला. मला तरी ही रचना आजही थक्क करते.

पण खरी गोष्ट पुढची आहे. ५९ मजल्यांची ही इमारत १९७७ मध्ये पूर्ण झाली आणि १९७८ मध्ये लेमेझुरिए यांच्याच लक्षात आलं की तिरका, म्हणजे कोपऱ्यावर येणारा वारा धोक्याचा आहे. तुळयांचे सांधे वेल्डिंगऐवजी बोल्टने जोडले होते, ते कमी पडले असते. त्यांनी चूक लपवली नाही, मालकांना सांगितली. मग रात्री-रात्री त्या सांध्यांवर पोलादी पट्ट्या वेल्ड केल्या. लोकांना हे कळलं थेट १९९५ मध्ये! तिथे रोज काम करणाऱ्यांना ते तेव्हाच सांगायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.