अमेरिकेतली ऑनलाइन पब्लिक स्कूल म्हणजे होमस्कूलिंगच ना?

नाही. गोंधळ मुळात शब्दांमुळे होतो. आपल्याकडे नावात ‘पब्लिक स्कूल’ असलेली शाळा बहुधा खाजगी आणि महागडी. तिकडे त्याचा अर्थ सरकारी पैशांवर चालणारी शाळा. १९९७ मध्ये सुरू झालेली फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल घ्या. फ्लोरिडात राहणाऱ्या मुलांना तिथे फी नाही.

होमस्कूलिंगमध्ये काय आणि कसं शिकवायचं हे पालक ठरवतात. या ऑनलाइन शाळेत पूर्णवेळ प्रवेश घेतला की अभ्यासक्रम शाळेचा आणि शिक्षक राज्याचं प्रमाणपत्र असलेले. राज्याच्या परीक्षाही चुकत नाहीत, त्या केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात.

मूल लॅपटॉपसमोर बसलं की आपण मोकळे, हा समज मात्र सगळ्यात घातक. पहिली-दुसरीतलं मूल स्वतःहून धडा उघडून, वाचून, गृहपाठ पाठवेल ही अपेक्षाच चुकीची आहे. शेजारी मोठं माणूस लागतंच, रोज, आणि बराच वेळ. आई-बाबा दोघंही दिवसभर नोकरीवर जाणार असतील आणि घरात तिसरं कुणी नसेल, तर लहान मुलासाठी हा मार्ग घेऊ नका, असं मी कळकळीने सांगेन. आठवी-नववीच्या पुढे गोष्ट वेगळी.

२०२० च्या लॉकडाऊनमधल्या वर्गांवरून याचं माप काढू नका. ते रातोरात उभे केलेले होते, हे धडे ऑनलाइनसाठीच लिहिलेले असतात.

आणि खेळाचं म्हणाल, तर पात्रतेच्या अटी पूर्ण केल्यास आपल्या भागातल्या सरकारी शाळेच्या संघातून खेळता येतं.