फी, कर्ज आणि सातबाऱ्याची धास्ती

सीईटीचा निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांची तक्रार बहुतेक एकच असते. ‘पोराला झोप नाही’, ‘पोरगी जेवत नाही’ अशी सुरुवात होते आणि जरा बोलतं केलं की खालून फीचा आकडा निघतो. ईबीसी, फ्रीशिप, टीएफडब्ल्यूएस, मार्जिन, मोरॅटोरियम हे शब्द घरात सगळ्यांच्या कानावर पडलेले असतात, पण नीट कुणालाच ठाऊक नसतात. अशाच एका घराची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मराठवाड्यातला, खुल्या प्रवर्गातला मुलगा. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून पुण्यातल्या खासगी कॉलेजात जागा मिळाली होती आणि हा म्हणत होता, “मला इंजिनिअरिंग करायचंच नाही.” सुरुवातीच्या भेटींत त्याने हेच लावून धरलं. शेवटी मी विचारलं, “फी शून्य असती तर?”

बराच वेळ तो खाली बघत राहिला. “तर आजच गेलो असतो.”

पुढच्या भेटीला वडिलांनाही बोलावलं. आल्या आल्या ते म्हणाले, “मॅडम, जमणार नाही. दीड लाख फी आहे. आणि कर्ज मी काढणार नाही.” मी फीचा कागद मागितला. दीड लाख हा आकडा त्यावर कुठेच नव्हता. शिक्षण शुल्क १,१०,००० आणि विकास शुल्क ११,०००, एवढंच होतं. दीड लाख कुणीतरी एसटी स्टँडवर सांगितलेले.

मी त्यांच्याच हातात पेन दिलं आणि म्हटलं, “भाऊ, प्रत्येक रकमेपुढे लिहा, परत द्यायची की नाही.” घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत होतं. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, म्हणजे लोक ज्याला ईबीसी सवलत म्हणतात ती, शिक्षण शुल्काचा अर्धा भार उचलते. ५५,००० पुढे त्यांनी लिहिलं, ‘परत नाही’. लिहून झाल्यावर मुलाकडे पाहिलं.

ही सवलत विकास शुल्काला, मेसला किंवा खोलीभाड्याला नाही, आणि व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर मुळीच नाही. तो कोटा घेण्याआधी पालकांनी हे तपासावंच, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. टीएफडब्ल्यूएस वेगळं. त्या मुळातच वेगळ्या, मंजूर जागांच्या पाच टक्के जादा जागा असतात. त्यांत संपूर्ण शिक्षण शुल्क माफ होतं, पण पर्याय भरतानाच तो निवडावा लागतो. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी अडीच लाख उत्पन्नापर्यंत भारत सरकारची शिष्यवृत्ती आणि उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी. दोन्हींचा फॉर्म महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरच भरायचा, पण योजना निराळ्या.

उरलेली फी, मेस, खोली धरून चार वर्षांसाठी साडेतीन लाख कमी पडत होते. कर्जाचं नाव काढताच वडिलांनी पेन खाली ठेवलं.

“कर्ज म्हटल्यावर काय दिसतं डोळ्यांपुढे?”

“सातबारा,” ते म्हणाले. “पीककर्जाचा बोजा उतरवता उतरवता आमच्या वडिलांचं आयुष्य गेलं.”

मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी. माणसाला परिस्थितीपेक्षा तिच्याविषयीची समजूत जास्त छळते, हे मी रोज पाहते. त्या दिवशी मला लख्ख दिसलं की या माणसाचा विरोध शिक्षणाला नव्हता, पैशालाही नव्हता; त्याला धास्ती होती ती सातबाऱ्यावरच्या बोजाची. मुलाने मात्र त्याचा अर्थ ‘मी घरावर भार आहे’ असा लावला आणि स्वतःची इच्छाच नाकारली. दोघं एकाच भीतीपासून एकमेकांना वाचवत होते. हे ऐकू यायला कान तयार व्हावा लागतो. इतक्या वर्षांच्या कामाने माझा तो झाला आहे, याचं मला समाधान आहे.

मी सांगितलं, बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. चार लाखांपर्यंत मार्जिन, म्हणजे पदरचा हिस्साही नाही. सहकर्जदार म्हणून तुमची सही मात्र लागते आणि हप्ता थकला तर बँक तुम्हालाही विचारते.

“म्हणजे जमीन गहाण नाही?” त्यांनी हे दोनदा विचारलं. मग मुलाकडे वळून म्हणाले, “मग तू ‘नाही’ का म्हणत होतास?”

मुलगा रडला. मी मध्ये बोलले नाही.

मोरॅटोरियममध्ये, म्हणजे शिक्षण आणि त्यापुढच्या एका वर्षात, हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आणि कॉलेज वा अभ्यासक्रम नॅक किंवा एनबीए या दर्जा तपासणाऱ्या संस्थांकडून मान्यताप्राप्त असेल, तर त्या काळातलं व्याज केंद्राच्या योजनेतून भरलं जातं. पतसंस्थेच्या कर्जाला हे लागू नाही. म्हणून ओळखीच्या पतसंस्थेत धावू नका, आधी बँकेत जा.

निघताना वडिलांनी धाकटीचं विचारलं. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत, आठ लाखांच्या आत उत्पन्न असल्यास, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तिचा ईडब्ल्यूएस दाखला ज्या आर्थिक वर्षात प्रवेश घ्यायचा त्याच वर्षाचा काढा, असं मी सांगितलं, आणि मुलाला महाडीबीटीचं नूतनीकरण दरवर्षी करायला बजावलं.