गाडी खाली केली, आता टायर घासतायत: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

चाकं, सस्पेन्शन आणि अलाइनमेंट, एवढंच काम मी इतकी वर्षं करतोय, त्यामुळे गाडी खाली करू नका, म्हणजे तिची उंची कमी करू नका, असं मी कुणाला सांगायला जात नाही. दिसते छान, कबूल. पण "टायर घासतायत, काय टाकू?" हा एकच मेसेज इतक्या जणांकडून आलाय की म्हटलं एकदाच सगळ्यांना बसवून उत्तरं देऊ. काय टाकायचं ते नंतर. आधी कुठे घासतंय ते सांगा, पुढे की मागे, बाहेरच्या कडेला की आतल्या, स्टेअरिंग फुल वळवल्यावर की खड्ड्यात. हे बघितलंच नसेल तर पुढचा सगळा खर्च म्हणजे अंधारात दगड मारणं.

प्रश्न: स्प्रिंग बदलून गाडी ४० मिमी खाली केली. एकटा असलो की काही नाही, मागे तीन जण बसले की स्पीड ब्रेकरवर खर्रर्र आवाज येतो. मित्र म्हणतात दोन बोटं गॅप आहे म्हणजे पुरेशी आहे. मग घासतंय कशाला?

दोन बोटं कुणाची? आणि गाडी उभी असताना मोजलेली ना? उभ्या गाडीचा गॅप फोटोसाठी असतो हो. मुलांच्या खेळण्यातली क्ले घ्या, मडगार्डचा पत्रा जिथे आत दुमडलेला असतो तिथे आतून छोटे गोळे चिकटवा, तेच तीन जण मागे बसवा आणि त्याच ब्रेकरवरून सावकाश जाऊन या. क्ले दाबून जेवढी जाड उरली तेवढीच तुमची खरी जागा, आणि जिथे साफ पुसली गेली तिथे टायर लागतोय.

आता स्प्रिंग विकणारा जे सांगत नाही ते सांगतो. चाक वर कुठपर्यंत जाणार हे शेवटी बंप स्टॉप ठरवतो, शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्यावर बसवलेला तो रबराचा किंवा फोमचा ठोकळा. कंपनीची चाकं आणि कंपनीचा बंप स्टॉप ठेवून नुसती गाडी खाली केली तर चाक साधारण आधी जिथपर्यंत जायचं तिथपर्यंतच जाणार, फक्त आता वरचेवर जाणार आणि ठोकळा जरा जास्त दाबणार. म्हणून मी आलेल्या माणसाला पहिले तीन प्रश्न विचारतो, रिम बदललेत का, टायर बदललेत का, बंप स्टॉप कापलाय का. तिन्हीला नाही म्हणणारा क्वचितच भेटतो. काही किटबरोबर ठोकळा थोडा छोटा करायची सूचना येते, ती ठीक, पण "राइड सॉफ्ट होते" म्हणून अर्धा उडवलेला असेल तर तुमचं उत्तर तिथेच आहे. नवा ठोकळा, गरज पडलीच तर खाली पातळ पॅकर. किती जाड ते मात्र गाडी रॅम्पवर घेऊन बघणाऱ्यालाच ठरवू द्या, जास्त झाला तर गाडी खड्ड्यात दगडासारखी आपटेल.

प्रश्न: टायरमध्ये हवा जास्त भरली तर घासणं थांबेल का?

नाही.

प्रश्न: टायरवाल्याने २०५/५५ आर १६ च्या जागी २१५/६० आर १६ टाकले, म्हणाला एकच साइझ वर आहे. त्यानंतरच घासायला लागलं.

एकच साइझ वर! पहिला आकडा टायरची रुंदी मिमीत, शेवटचा रिमचा व्यास इंचांत. मधले ५५ आणि ६० हे टायरच्या उंचीचे मिलिमीटर नाहीत, रुंदीचे टक्के आहेत. २०५ चे ५५ टक्के म्हणजे जेमतेम ११३ मिमी, २१५ चे ६० टक्के म्हणजे १२९. वर १६ मिमी आणि खाली १६ मिमी, अख्खं चाक ३२ मिमीने मोठं झालं. एकीकडे तुम्ही गाडी खाली आणलीत आणि दुसरीकडे चाक वर नेलंत, मग जागा आणायची कुठून? शिवाय स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०५ च्या आसपास असेल. १७ चे रिम घ्यायचेच असतील तर २२५/४५ आर १७ चा व्यास मूळच्या टायरपेक्षा दोन-अडीच मिमीच जास्त येतो, हिशोब असा जुळवायचा असतो. अर्थात तो टायर रुंद आहे, तुमच्या गाडीच्या आत बसतो का ते वेगळं बघावं लागेल. आत्ता मात्र हे टायर परत करा, दुकानात जे स्टॉकला पडून होतं ते तुमच्या गळ्यात मारलंय.

प्रश्न: ओरिजिनल रिम ७ जे, ईटी ४५. नवे घेतोय ते ८ जे, ईटी ३५. दुकानदार म्हणतो बोल्ट बसतात, टेन्शन नको.

बोल्ट बसणं आणि चाक बसणं या दोन वेगळ्या गोष्टी. ईटी म्हणजे रिमच्या मधल्या रेषेपासून हबला (चाक ज्यावर बोल्टने बसतं त्या भागाला) टेकणारी बाजू किती मिमीवर आहे तो आकडा, तो कमी झाला की चाक बाहेर सरकतं. जे च्या आधीचा आकडा म्हणजे रिमची इंचातली रुंदी, तुमच्या केसमध्ये ती एक इंच वाढली, म्हणजे दोन्हीकडे साधारण १२.७ मिमी, त्यात ईटीचे १० बाहेरच्या बाजूला. बाहेर झाले २२.७, आत गेले फक्त २.७. म्हणजे आत बहुतेक निभावेल आणि बाहेर मडगार्डला लागेल, खाली केलेल्या गाडीत तर जास्तच शक्यता. हे वहीच्या पानावर दोन मिनिटांत निघतं, दुकानदार काढत नाही कारण घासल्यावर मडगार्ड रोल करून, म्हणजे त्याची कड आत दुमडून द्यायचं काम पण तोच घेतो. पैसे द्यायच्या आधी एक रिम टायरसकट लावून, गाडी जमिनीवर ठेवून, स्टेअरिंग दोन्हीकडे फुल वळवून बघायचा हट्ट धरा. नाही म्हणाला तर दुकान बदला.

प्रश्न: मडगार्डची आतली कड घरीच लाकडी दांडका घालून दुमडता येईल का? व्हिडिओत सोपं दिसतं.

व्हिडिओत गंज दिसत नाही. थंड पत्रा दुमडला की आतल्या बाजूला रंगाला तडे जातात, सीलंट फाटतं, पाणी शिरतं आणि वर्षा-दोन वर्षांनी कडेला फोड यायला लागतात, तेव्हा व्हिडिओवाला कुठे शोधणार? हबवर बसणारा रोलर आणि हीट गन घेऊन, रंग कोमट ठेवत थोडं थोडं करणारा माणूस शोधा. मागच्या बाजूला आत पेट्रोल भरायची नळी आणि वायरिंग कुठून जातं ते आधी बघायला सांगा.

प्रश्न: पुढच्या चाकाच्या आत शॉकॲब्सॉर्बरवर एक चकचकीत पट्टा दिसला. आवाज काहीच येत नाही. कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकॲब्सॉर्बरचा सेट) आणि २२५ चे टायर टाकून चार महिने झालेत. मेकॅनिक म्हणतो पुढच्या सर्व्हिसला बघू. थांबू का?

थांबू नका. हा प्रश्न तुम्ही विचारलात म्हणून बरं वाटलं, कारण बाकीचे सगळे बाहेरच्या बाजूला, जिथे लोकांना दिसतं तिथे बघत बसतात आणि आत कुणी वाकून बघत नाही. बाहेर पत्र्याला टायर लागला की बोंब मारतो, सगळ्या गल्लीला कळतं. आत लागतो तो गुपचूप, शॉकॲब्सॉर्बरच्या गोल नळीवर रबर हळूहळू पॉलिश करत राहतो, गाण्याच्या आवाजात तर काहीच कळत नाही.

घडतं असं. २०५ च्या जागी २२५ टाकला आणि ईटी तोच ठेवला की टायर १० मिमी आत येतो. कॉइलओव्हरमध्ये स्प्रिंग ज्या वाटीवर बसते ती वाटी फिरवत फिरवत खाली आणली की कधी कधी ती थेट टायरच्या खांद्यासमोर येते. वळणावर टायर अजून थोडा वाकतो. आणि तिथेच, शॉकॲब्सॉर्बरला क्लिपने अडकवलेली ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसची वायर जात असते. कॉइलओव्हर टाकताना ती क्लिप नीट बसली नाही म्हणून झिपटायने बांधलेली असली तर बघायलाच नको.

माझ्याकडे एक गाडी आली होती फक्त अलाइनमेंटला, तक्रार एवढीच की स्टेअरिंग सरळ राहत नाही. सवयीप्रमाणे टॉर्च घेतला, टायरच्या मागून हात घातला, बोटं काजळासारखी काळी झाली. रबराची भुकटी. पुसून बघितलं तर ब्रेकच्या नळीचं वरचं रबर गेलेलं आणि आतलं कापडी विणकाम दिसत होतं, बोटाच्या पेराएवढ्या जागेत. मालक म्हणाला, पण ब्रेक तर मस्त लागतात. लागणारच हो, फुटेपर्यंत मस्तच लागतात. ती गाडी मी त्याला चालवत परत नेऊ दिली नाही, भांडण झालं, झालं तर झालं.

टायरचंही तेच. जमिनीला लागतो तो भाग जाड असतो, बाजूची भिंत पातळ, आत दोऱ्यांचे थर. ती घासून दोरे दिसायला लागले किंवा फुगा आला की तो टायर गेला, भिंतीला पंक्चर निघत नाही आणि कुणी काढून देतो म्हणाला तर त्याला हात जोडा.

तर आजच स्टेअरिंग एका बाजूला फुल वळवा, इंजिन बंद, गाडी सपाट जागेवर, आणि टॉर्च मारून टायर आणि शॉकॲब्सॉर्बरच्या मध्ये किती जागा आहे बघा. मी स्वतः ५ मिमीपेक्षा कमी असेल तर गाडी हातात देत नाही. तुमचा पट्टा चमकतोय म्हणजे जागा शून्य आहे. आहे तसं चालवत राहू नका, जवळच्या सस्पेन्शनवाल्याला गाठा, चाक काढून नळी, वायर आणि टायरची आतली भिंत तिन्ही तपासून घ्या. उपाय पातळ स्पेसर (हब आणि रिमच्या मध्ये घालायची चकती) असेल, वाटी वर घेणं असेल नाहीतर टायर परत २०५ करणं, ते चाक काढल्यावरच ठरेल.

प्रश्न: मग ३ मिमीचा स्पेसर मी स्वतः टाकू का?

टाकाल, पण बोल्ट पुरतो का ते कोण बघणार? साधा नियम असा की नट स्टडच्या (हबमधून बाहेर आलेल्या आट्यांच्या दांड्याच्या) जाडीएवढा तरी आटे पकडून बसला पाहिजे, १२ मिमीचा स्टड आणि दीडचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात दीड मिमी, असेल तर आठ पूर्ण फेरे. कमी भरले तर लांब स्टड. स्पेसरमुळे हबची मधली कडी झाकली गेली आणि रिमला टेकायला काही उरलं नाही तर स्टेअरिंग थरथरेल, त्याला बॅलन्सिंग करत बसू नका. टॉर्क पान्याने (किती जोर लागतोय ते मोजणाऱ्या पान्याने) घट्ट करा आणि ५०-१०० किमीनंतर परत तपासा.

प्रश्न: स्प्रिंगचा एक वेढा कापलाय, त्यामुळे घासतंय का?

त्यामुळेही घासत असेल, पण ती कापलेली स्प्रिंग चाक हवेत लटकलं की जागेवरून निसटू शकते ही आधीची काळजी. टोइंगवाल्याला गाडी उचलायला सांगा आणि नेऊन नवीन बसवा.

प्रश्न: निगेटिव्ह कॅम्बर (चाकाची वरची बाजू आत झुकवणं) दिला की टायर मडगार्डपासून सुटतो असं ऐकलंय. किती देऊ?

ऐकलंय ते अर्धं खरं आहे. साधारण ६३४ मिमीच्या चाकाला एक डिग्री दिली तर वरची कड पाच-साडेपाच मिमी आत येते, बस. त्यासाठी तीन-तीन डिग्री देऊन टायरची आतली कड खाऊन टाकणारे लोक मी बघितलेत. आणि वर आत आलं म्हणजे शॉकॲब्सॉर्बरच्या जवळ आलं, वरचा लांब प्रश्न परत वाचा. कॅम्बरपेक्षा टो, म्हणजे वरून बघताना चाक आत किंवा बाहेर वळलेलं असणं, टायर लवकर खातो आणि गाडी खाली केली की टो बदलतोच, म्हणून स्प्रिंग बदलल्यावर अलाइनमेंट करायचीच, "गाडी सरळ जाते" हे कारण चालत नाही. मागे सरळ बीम ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच दांडा) असेल तर बऱ्याच गाड्यांत कॅम्बर शिमशिवाय (मध्ये घालायच्या पातळ पट्टीशिवाय) बदलत नाही, मशीनवाल्याला आधी विचारा.

प्रश्न: फक्त डाव्या बाजूलाच घासतंय, आधी नव्हतं.

मोडलेली स्प्रिंग, गेलेला बुश (सांध्यातलं रबर) नाहीतर खड्ड्यात वाकलेला आर्म (चाक धरून ठेवणारा दांडा). उद्या नको, आजच दाखवा.

प्रश्न: रिव्हर्समध्ये फुल वळवलं की पुढे प्लास्टिकला लागतं, बाकी कुठेच नाही. प्लास्टिकच आहे, घासू दे ना?

लायनरची (मडगार्डच्या आतल्या त्या प्लास्टिकची) एखादी क्लिप तुटून तो खाली लोंबतोय का बघा, बऱ्याचदा एवढंच असतं. क्लिपा सगळ्या जागेवर असतील तर हीट गनने हलका गरम करून मागे दाबून घेता येतो. कापून टाकू नका, त्याच्या मागे वायरिंग असतं.